भारतातील वायुप्रदूषणाचे स्रोत

भारतातील वायुप्रदूषणाचे स्रोत म्हणजे भारतातील घरांमध्ये आणि घरांबाहेरील हवेत हानिकारक वायू व सूक्ष्म कण मिसळणाऱ्या मानवी क्रिया, यंत्रे, वस्तू आणि नैसर्गिक प्रक्रिया होत. अभ्यासाच्या सोयीसाठी त्यांचे घरातील स्रोत व घराबाहेरील स्रोत असे दोन गट केले जातात. स्वयंपाकाची चूल, केरोसीनचे दिवे, तंबाखूचा धूर, डास पळवणाऱ्या कॉइल, रंग व लाकडी तक्ते आणि ओलसर भिंतींवरील बुरशी हे घरातील प्रमुख स्रोत आहेत. वाहने, औष्णिक वीजकेंद्रे, कारखाने, वीटभट्ट्या, बांधकाम व रस्त्यांवरील धूळ, कचरा व शेतातील अवशेष जाळणे हे घराबाहेरील प्रमुख स्रोत आहेत.

ही विभागणी स्रोताच्या जागेवरून केलेली आहे. हवा मात्र या सीमेने अडत नाही. चुलीचा धूर छपरातून बाहेर पडून गावाच्या व प्रदेशाच्या हवेत मिसळतो आणि रस्त्यावरील धूर खिडकीतून घरात येतो. भारतातील घराबाहेरील सूक्ष्म कणांच्या प्रदूषणात घरगुती इंधनाच्या ज्वलनाचा वाटा मोठा असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. त्यामुळे दोन्ही गटांचा विचार एकत्र करणे आवश्यक मानले जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती वायुप्रदूषणामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख, तर घराबाहेरील वायुप्रदूषणामुळे २०१९ मध्ये सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले. काही मृत्यूंना दोन्ही प्रकारचे प्रदूषण कारणीभूत असल्याने या संख्यांची सरळ बेरीज केली जात नाही. दोन्हींचा एकत्रित परिणाम वर्षाला सुमारे ६७ लाख मृत्यू इतका मानला जातो.

प्रमुख प्रदूषके

हवेतील प्रदूषकांपैकी आरोग्यास सर्वाधिक घातक मानले जाणारे प्रदूषक म्हणजे सूक्ष्म कण. २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना पीएम २.५ आणि १० मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांना पीएम १० असे संबोधले जाते. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ५० ते ७० मायक्रोमीटर असते. पीएम १० मधील भरड कण बहुतांशी नाक, घसा व मोठ्या श्वासनलिकांमध्ये अडकतात. पीएम २.५ फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तात मिसळू शकतात. सर्वसाधारणपणे ज्वलनातून बारीक कण, तर घर्षण, खोदकाम व दळण यांतून भरड कण निर्माण होतात.

कार्बन मोनॉक्साइड हा वायू इंधनाच्या अपूर्ण ज्वलनातून, नायट्रोजनची ऑक्साइडे उच्च तापमानाच्या ज्वलनातून, तर सल्फर डायऑक्साइड मुख्यतः कोळसा व जड खनिज तेलाच्या ज्वलनातून निर्माण होतो. बाष्पनशील सेंद्रिय संयुगे रंग, द्रावके, पेट्रोलची वाफ व लाकडाचा धूर यांतून येतात. जमिनीलगतचा ओझोन कोणत्याही स्रोतातून थेट बाहेर पडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे व सेंद्रिय संयुगे यांच्यात सूर्यप्रकाशात होणाऱ्या अभिक्रियांमधून तो तयार होतो.

काही सूक्ष्म कणही अशाच रीतीने हवेत तयार होतात. सल्फर डायऑक्साइडपासून सल्फेट आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून नायट्रेट बनते. खते व जनावरांच्या मलमूत्रातून सुटणाऱ्या अमोनियाशी त्यांचा संयोग होऊन घन कण तयार होतात. यांना दुय्यम कण म्हणतात. ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर दूर जाऊ शकत असल्याने एखाद्या शहरातील प्रदूषणाचा स्रोत त्या शहराच्या हद्दीबाहेरही असू शकतो.

घरातील स्रोत

स्वयंपाकाची चूल

लाकूडफाटा, गोवऱ्या, पिकांचे अवशेष व कोळसा यांवर चालणारी चूल हा भारतातील घरगुती प्रदूषणाचा सर्वांत मोठा स्रोत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण–५ नुसार (२०१९–२१) देशातील ५८.६ टक्के कुटुंबे स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. शहरी भागात हे प्रमाण ८९.७ टक्के, तर ग्रामीण भागात ४३.२ टक्के होते. त्यापूर्वीच्या सर्वेक्षणात (२०१५–१६) देशाचे प्रमाण ४३.८ टक्के होते.

साध्या चुलीत इंधनाला पुरेशी हवा मिळत नाही व ज्वाळेची उष्णता भांड्याखाली नीट टिकत नाही. परिणामी इंधनाचा काही भाग पूर्ण न जळता काजळी, कार्बन मोनॉक्साइड व सेंद्रिय संयुगे यांच्या रूपाने बाहेर पडतो. ओले लाकूड व गोवऱ्या यांचा धूर विशेष दाट असतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात स्वयंपाकाच्या चुलीखेरीज अंघोळीचे पाणी तापवण्यासाठी बंब किंवा अंगणातील वेगळी चूल पेटवली जाते. कापूस व तूर पिकवणाऱ्या विदर्भ–मराठवाड्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या हे सहज मिळणारे सरपण आहे. स्वयंपाकासाठी गॅस आल्यानंतरही पाणी तापवणे, भाकरी भाजणे व जनावरांचे खाद्य शिजवणे ही कामे अनेक घरांत चुलीवरच होतात.

या धुराचा सर्वाधिक त्रास स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया, त्यांच्याजवळ असणारी लहान मुले आणि घरातच असणारे वृद्ध यांना होतो. फुंकणीने जाळ फुलवताना चेहरा चुलीच्या अगदी जवळ येतो आणि धुराचा सर्वांत दाट भाग थेट श्वासात जातो. भारतातील ग्रामीण स्वयंपाकघरांतील धुराचे पद्धतशीर मोजमाप करणाऱ्या आरंभीच्या संशोधकांमध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांचा समावेश होतो. त्यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी गुजरातमधील खेड्यांत, स्त्रिया स्वयंपाक करताना प्रत्यक्ष कोणती हवा श्वासात घेतात, हे मोजले.

केरोसीनचे दिवे व स्टोव्ह

काचेविना जळणाऱ्या चिमणीसारख्या साध्या वातीच्या दिव्यातून मोठ्या प्रमाणात काजळी निघते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अशा दिव्यात जळणाऱ्या केरोसीनपैकी ७ ते ९ टक्के भाग जवळजवळ शुद्ध काजळीच्या रूपात हवेत जातो. ग्रामीण विद्युतीकरणानंतर या दिव्यांचा वापर बराच घटला आहे. तरीही वीजपुरवठा खंडित होणाऱ्या भागांत आणि पालांवर राहणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांत ते आढळतात.

गॅसवरील उपकरणे

द्रवरूप पेट्रोलियम वायू (एलपीजी) व नळाद्वारे मिळणारा नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनातून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे प्रमाण लाकडाच्या तुलनेत अत्यल्प असते. मात्र नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो आणि कढईतील तापलेल्या तेलातूनही सूक्ष्म कण निघतात.

न्हाणीघरात बसवलेला गॅस गिझर हा वेगळ्या प्रकारचा धोका आहे. बंद जागेत ज्वलनामुळे प्राणवायू कमी होत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग किंवा वास नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्टपणे जोडला जात असल्याने व्यक्ती सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध होऊ शकते. हिवाळ्यात बंद खोलीत पेटत्या कोळशाची शेगडी ठेवून झोपल्यास हाच धोका असतो. गिझर न्हाणीघराबाहेर बसवणे आणि त्याचा धूर बाहेर सोडणारी नळी ठेवणे हा यावरील मुख्य उपाय आहे.

तंबाखूचा धूर

बिडी व सिगारेटचा धूर घरातील इतरांच्याही श्वासात जातो. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास भारतात २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आहे. हा नियम खाजगी घरांना लागू होत नाही. महाराष्ट्रात दातांना लावण्यासाठी तंबाखू तव्यावर भाजून मशेरी तयार केली जाते. धूरविरहित तंबाखूमध्ये गणल्या जाणाऱ्या या पदार्थाच्या तयारीच्या वेळी घरात तंबाखूचा तीव्र धूर होतो.

कॉइल, उदबत्ती व धूप

डास पळवणारी कॉइल ज्वाळेविना धुमसत जळते. त्यामुळे तिच्यातून निघणाऱ्या कणांचे प्रमाण जास्त असते. चीन व मलेशियात विकल्या जाणाऱ्या कॉइलवरील २००३ मधील एका अभ्यासात, एका कॉइलमधून निघणाऱ्या पीएम २.५ चे वस्तुमान ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघणाऱ्या कणांइतके आढळले. ही तुलना केवळ कणांच्या वस्तुमानाची आहे. दोन्ही धुरांची रासायनिक घडण वेगळी असते. तरीही खिडक्या लावून झोपलेल्या कुटुंबाचा रात्रभर या धुराशी संपर्क येत असल्याने हा स्रोत महत्त्वाचा ठरतो. मच्छरदाणी किंवा खिडक्यांच्या जाळ्या वापरल्यास तो पूर्णपणे टाळता येतो. उदबत्ती, धूप व ऊद यांचे ज्वलनही धुमसते असते. खोलीत हवा खेळती असल्यास त्यांचा परिणाम कमी होतो.

बांधकाम साहित्य व रसायने

प्लायवुड व लाकडाच्या भुशापासून बनवलेल्या तक्त्यांच्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड हा वायू दीर्घकाळ सुटत राहतो. नवीन तैलरंग, वॉर्निश, फर्निचर पॉलिश व कीटकनाशक फवारे यांतून बाष्पनशील सेंद्रिय संयुगे बाहेर पडतात. वातानुकूलित व बंद खिडक्यांच्या इमारतींत ती अधिक साचतात. जमिनीतील युरेनियमच्या किरणोत्सारी क्षयातून निर्माण होणारा रेडॉन वायू तळमजल्याच्या भेगांमधून घरात शिरू शकतो. अनेक देशांत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर रेडॉनचा क्रमांक लागतो.

ओल व जैविक स्रोत

कोकणासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात भिंतींना ओल येऊन बुरशी वाढते. बुरशीचे बीजाणू, गाद्या–उशांमधील धूलमाइट, झुरळांचे अवशेष आणि पाळीव प्राण्यांचा कोंडा यांमुळे दमा व ॲलर्जीचा त्रास वाढतो.

घराबाहेरील स्रोत

वाहने

वाहनांच्या धुरात काजळी, नायट्रोजनची ऑक्साइडे, कार्बन मोनॉक्साइड व बेंझिनसारखी संयुगे असतात. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची विक्री बंद झाली. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ मधील आदेशानंतर सार्वजनिक बस टप्प्याटप्प्याने संपीडित नैसर्गिक वायूवर (सीएनजी) आणण्यात आल्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज–६ (बीएस–६) मानके लागू झाली. त्यांनुसार इंधनातील गंधकाचे कमाल प्रमाण दशलक्ष भागांत ५० भागांवरून १० भागांवर आले. नवीन वाहने तुलनेने स्वच्छ असली, तरी जुनी वाहने अनेक वर्षे रस्त्यावर राहत असल्याने नव्या मानकांचा परिणाम हळूहळू दिसतो. ब्रेक व टायरांच्या झिजेतून निघणारे कण इंजिनावर अवलंबून नसतात. ते विजेवर चालणाऱ्या वाहनांमधूनही निघतात.

औष्णिक वीजकेंद्रे व उद्योग

भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण जास्त व गंधकाचे प्रमाण तुलनेने कमी असते. त्यामुळे वीजकेंद्रांतून मोठ्या प्रमाणात उडणारी राख निर्माण होते. तिचा बहुतांश भाग स्थिरविद्युत अवक्षेपकांत अडवला जातो. तरीही उघड्या राखतळ्यांवरून आणि राखेच्या वाहतुकीतून धूळ उडते. कोळशातील गंधकाचे प्रमाण कमी असले, तरी जळणाऱ्या कोळशाची एकूण मात्रा प्रचंड असल्याने वीजक्षेत्र हा सल्फर डायऑक्साइडचा प्रमुख स्रोत आहे.

महाराष्ट्रात चंद्रपूर येथे २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र, कोळशाच्या खाणी व सिमेंट उद्योग एकाच परिसरात एकवटले आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये ८८ औद्योगिक क्षेत्रांसाठी काढलेल्या सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांकात अंकलेश्वर, वापी व गाझियाबाद यांच्यानंतर चंद्रपूर चौथ्या स्थानी होते. मुंबईत चेंबूर–माहुल परिसरात तेलशुद्धीकरण, खत व वीजनिर्मिती हे उद्योग निवासी वस्तीला लागून आहेत.

भट्ट्या

वीटभट्ट्यांमध्ये कोळसा, लाकूड, भुसा व इतर टाकाऊ पदार्थ जाळले जातात. विटांची नागमोडी रचना करून हवेचा मार्ग लांबवणाऱ्या 'झिगझॅग' भट्टीत ज्वलन अधिक चांगले होते; त्यामुळे कोळसा वाचतो व काजळी घटते. शहरांमध्ये बेकऱ्या, तंदूर व ढाबे हेही लाकूड–कोळशाचे ग्राहक आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला.

बांधकाम व रस्त्यांवरील धूळ

इमारतींचे पाडकाम, खोदकाम, सिमेंट मिश्रण केंद्रे व राडारोड्याची उघडी वाहतूक यांतून मुख्यतः भरड कण हवेत जातात. रस्त्यावर साचलेली माती वाहनांच्या चाकांखाली दळली जाऊन पुन्हा पुन्हा उडते. बृहन्मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धूळ नियंत्रणासाठी २७ मुद्द्यांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. बांधकामाभोवती उंच पत्रे लावणे, इमारत हिरव्या कापडाने झाकणे, पाण्याची फवारणी करणे आणि बाहेर पडणाऱ्या वाहनांची चाके धुणे यांचा त्यांत समावेश आहे.

शेतातील अवशेष जाळणे

पंजाब व हरियाणात ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये भाताचे खुंट जाळले जातात. पंजाबात भूजल वाचवण्यासाठी २००९ मध्ये केलेल्या कायद्याने भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलली. त्यामुळे कापणी लांबली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करण्यास शेतकऱ्यांना थोडेच दिवस उरू लागले. कापणी यंत्राने कापलेल्या भाताचे उंच खुंट शेतात राहतात आणि ते जाळणे हा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. भूजलासाठी केलेल्या उपायाने हवेची समस्या तीव्र केल्याचे हे उदाहरण मानले जाते.

महाराष्ट्रात ऊस तोडणीनंतर शेतात राहिलेले पाचट जाळण्याची पद्धत आहे. पाचट सरीत कुजू दिल्यास जमिनीतील सेंद्रिय कर्ब वाढतो व ओलावा टिकतो. त्यामुळे कृषी विभाग व साखर कारखाने ते न जाळण्याचा सल्ला देतात. पुण्यातील समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने (आरती) पाचटापासून कांडी कोळसा बनवण्याचे तंत्र विकसित केले. त्यासाठी संस्थेला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

कचरा जाळणे

कचराभूमीत कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निर्माण होतो व त्यामुळे आगी लागतात. मुंबईतील देवनार कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर अनेक दिवस शहरावर पसरला होता आणि तो उपग्रह छायाचित्रांतही दिसला. रस्त्याच्या कडेला पालापाचोळ्यासोबत प्लॅस्टिक जाळल्यास डायऑक्सिनसारखी विषारी संयुगे तयार होतात. थंडीच्या दिवसांत रखवालदार व फुटपाथवर राहणारे लोक ऊब मिळवण्यासाठी पेटवत असलेल्या शेकोट्याही याच गटात मोडतात.

फटाके

दिवाळीच्या काळात फटाक्यांमुळे हवेतील सूक्ष्म कण, सल्फर डायऑक्साइड तसेच बेरियम, स्ट्रॉन्शियम यांसारख्या धातूंचे प्रमाण काही तासांत झपाट्याने वाढते. पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विविध फटाक्यांच्या धुराचे मोजमाप केले. त्यात आवाज न करणाऱ्या व लहान मुलांना सुरक्षित समजल्या जाणाऱ्या 'साप' गोळीतून सर्वाधिक पीएम २.५ निघत असल्याचे आढळले.

नैसर्गिक स्रोत

थर वाळवंटातील व पश्चिम आशियातील धुळीची वादळे, वणवे, परागकण आणि किनारपट्टीवरील सागरी क्षार हे नैसर्गिक स्रोत होत. भारतातील बहुतेक वणवे मानवी कारणांनी लागत असल्याने त्यांना पूर्णतः नैसर्गिक मानले जात नाही.

हवामानाचा प्रभाव

स्रोत तेच असले तरी हवेतील प्रदूषण ऋतूनुसार बदलते. हिवाळ्यात जमीन लवकर थंड होऊन जमिनीलगत थंड व तिच्यावर उबदार हवेचा थर तयार होतो. या तापमान विपरीततेमुळे धूर वर जाऊ शकत नाही. सिंधू–गंगेच्या मैदानात उत्तरेला हिमालय असल्याने व वारे मंद असल्याने ही स्थिती अनेक दिवस टिकते. मुंबईत दिवसा समुद्राकडून व रात्री जमिनीकडून वारे वाहतात. समुद्री वारे मंदावले की शहरातील प्रदूषण वाढते. पावसाळ्यात पावसाबरोबर कण खाली बसतात आणि हवा स्वच्छ होते.

घरातील व बाहेरील प्रदूषणाचा परस्परसंबंध

२०१८ मध्ये जाहीर झालेल्या 'जीबीडी मॅप्स' या अभ्यासगटाच्या भारतविषयक अहवालानुसार, २०१५ मध्ये देशातील लोकांच्या श्वासात जाणाऱ्या घराबाहेरील पीएम २.५ पैकी सुमारे एक चतुर्थांश भाग घरगुती जैवइंधनाच्या ज्वलनातून आलेला होता. स्वतंत्रपणे मोजलेल्या मानवी स्रोतांपैकी हा सर्वांत मोठा वाटा होता. यात घराच्या आत श्वासात गेलेला धूर धरलेला नाही. याचा अर्थ, गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या कुटुंबालाही शेजारच्या चुलींचा धूर टाळता येत नाही. उलटपक्षी, वर्दळीच्या रस्त्यालगतच्या घरात बाहेरून येणारे कण हाच मुख्य स्रोत असू शकतो.

स्रोत किती धूर सोडतो, याइतकेच तो श्वास घेणाऱ्या माणसाच्या किती जवळ आहे, हेही महत्त्वाचे असते. उंच धुराड्यातून सुटलेला धूर बराच विरळ होऊन जमिनीपर्यंत येतो. खोलीत सुटलेला धूर तेथेच कोंडतो. घरात सुटलेले प्रदूषक घराबाहेर सुटलेल्या तेवढ्याच प्रदूषकाच्या तुलनेत फुप्फुसापर्यंत पोहोचण्याची शक्यता सुमारे हजार पट असते, असा एक ढोबळ नियम या क्षेत्रात मांडला जातो. त्यामुळे टनांमध्ये मोजल्यास नगण्य वाटणारे कॉइल किंवा चिमणी यांसारखे स्रोत आरोग्याच्या दृष्टीने मोठे ठरू शकतात.

स्रोतांचे मापन

एखाद्या शहरात कोणत्या स्रोताचा किती वाटा आहे, हे ठरवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत वाहने, कारखाने, भट्ट्या व घरे यांची गणना करून प्रत्येकाचे उत्सर्जन हिशोबाने काढले जाते. दुसऱ्या पद्धतीत हवेतील कण गाळणीवर जमा करून त्यांचे रासायनिक विश्लेषण केले जाते. लाकडाच्या धुरात लेव्होग्लुकोसन, मातीच्या धुळीत सिलिकॉन व ॲल्युमिनियम, तर जड भट्टी तेलाच्या धुरात व्हॅनेडियम व निकेल आढळते. या खुणांवरून स्रोत ओळखता येतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वतीने दिल्ली, मुंबई, पुणे, चेन्नई, बंगळूर व कानपूर या सहा शहरांत असे अभ्यास करण्यात आले. त्यांचा एकत्रित अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबई व दिल्लीचा अभ्यास नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी), तर पुण्याचा अभ्यास भारतीय वाहन संशोधन संघटनेने (एआरएआय) केला. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली 'सफर' ही प्रणाली हवेच्या गुणवत्तेचे मापन व पूर्वानुमान देते. वाट्यांचे आकडे वर्ष, ऋतू व कणांच्या आकारानुसार बदलतात. पीएम १० मध्ये धुळीचा, तर पीएम २.५ मध्ये ज्वलनाचा वाटा अधिक दिसतो. त्यामुळे दोन अभ्यासांतील आकड्यांची तुलना करताना कोणते कण मोजले आहेत, हे पाहणे आवश्यक असते.

आरोग्यावरील परिणाम

सूक्ष्म कणांमुळे हृदयविकार, पक्षाघात, दीर्घकालीन अडथळात्मक फुप्फुसविकार (सीओपीडी), फुप्फुसाचा कर्करोग व बालकांमधील न्यूमोनिया यांचा धोका वाढतो. चुलीच्या धुराचा संबंध मोतीबिंदूशीही जोडला जातो. सीओपीडी हा धूम्रपान करणाऱ्यांचा रोग समजला जात असला, तरी भारतात कधीही धूम्रपान न केलेल्या अनेक स्त्रियांना तो चुलीच्या धुरामुळे होतो.

इंधन बदलल्याने आरोग्यात किती सुधारणा होते, याची चाचणी 'हॅपिन' या प्रयोगात घेण्यात आली. भारत (तामिळनाडू), ग्वाटेमाला, पेरू व रवांडा येथील सुमारे ३,२०० गर्भवती स्त्रिया त्यात सहभागी होत्या. निम्म्या स्त्रियांना गॅसची शेगडी व मोफत इंधन देण्यात आले. त्यांच्या श्वासातील पीएम २.५ चे मध्यक प्रमाण प्रति घनमीटर २३.९ मायक्रोग्रॅम, तर चूल वापरणाऱ्या गटात ७०.७ मायक्रोग्रॅम आढळले. मात्र २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांतील नवजात बालकांच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. गर्भारपण सुरू झाल्यानंतर केलेला बदल उशिराचा ठरला असावा, तसेच उरलेले प्रदूषणही हानिकारक असावे, अशी संभाव्य कारणे चर्चिली गेली.

मानके

भारतातील राष्ट्रीय परिवेशी वायू गुणवत्ता मानके नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचित झाली असून त्यांत १२ प्रदूषकांचा समावेश आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आपली मार्गदर्शक मूल्ये २०२१ मध्ये अधिक कडक केली. वार्षिक सरासरीची मूल्ये (मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर) पुढीलप्रमाणे आहेत:

पीएम २.५ – भारत ४०. जागतिक आरोग्य संघटना ५
पीएम १० – भारत ६०. जागतिक आरोग्य संघटना १५
नायट्रोजन डायऑक्साइड – भारत ४०. जागतिक आरोग्य संघटना १०

भारतीय मानके परिवेशी, म्हणजे घराबाहेरील हवेसाठी आहेत. स्वयंपाकघरातील हवेला ती लागू होत नाहीत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांकाचे (एक्यूआय) आकडेही बाहेरील मापन केंद्रांवरून काढले जातात. त्यामुळे निर्देशांक 'समाधानकारक' असलेल्या दिवशीही धुराने भरलेल्या स्वयंपाकघरातील हवा धोकादायक असू शकते.

कायदे व उपाययोजना

वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९८१ मध्ये संमत झाला. डिसेंबर १९८४ मधील भोपाळ वायू दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम करण्यात आला.

घरगुती प्रदूषणावरील पहिला मोठा उपक्रम म्हणजे १९८३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम होय. त्यात धुराडे असलेल्या व कमी इंधन लागणाऱ्या चुली वाटण्यात आल्या. देखभालीअभावी अनेक चुली लवकरच निकामी झाल्या आणि २००२ मध्ये हा केंद्रीय कार्यक्रम बंद झाला. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झाली. तिच्यातील आठ कोटींवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे देण्यात आली.

जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रम सुरू झाला. २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत कणांचे प्रमाण २० ते ३० टक्क्यांनी घटवण्याचे त्याचे मूळ उद्दिष्ट होते. नंतर ते २०२५–२६ पर्यंत ४० टक्के असे करण्यात आले. या कार्यक्रमात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, चंद्रपूर इत्यादी शहरांचा समावेश आहे.

टीका व मर्यादा

उज्ज्वला योजनेत जोडणी मिळाली तरी सिलिंडर पुन्हा भरून घेण्याचे प्रमाण कमी असल्याची टीका झाली. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१९ मधील अहवालात लाभार्थी वर्षाला सरासरी तीन ते चार सिलिंडर घेत असल्याचे नमूद आहे. सरपण विनामूल्य मिळत असल्याने सिलिंडरचा खर्च परवडत नाही आणि गॅसबरोबर चूलही चालू राहते. २०२२ मध्ये लाभार्थ्यांसाठी प्रति सिलिंडर २०० रुपये अनुदान सुरू झाले व २०२३ मध्ये ते ३०० रुपये करण्यात आले.

राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रमाची प्रगती मुख्यतः पीएम १० वरून मोजली जाते, हा त्यावरील प्रमुख आक्षेप आहे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेच्या २०२४ मधील मूल्यमापनानुसार या कार्यक्रमाच्या खर्चापैकी सुमारे ६४ टक्के रक्कम रस्त्यांवरील धूळ कमी करण्यावर खर्च झाली. ज्वलनाच्या स्रोतांना तुलनेने कमी निधी मिळाला. तसेच हा कार्यक्रम शहरांपुरता असल्याने ग्रामीण भागातील चुली, भट्ट्या व शेतातील ज्वलन त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

हे सुद्धा पहा

वायुप्रदूषण
सूक्ष्म कण
प्रधानमंत्री उज्ज्वला योजना
राष्ट्रीय स्वच्छ वायू कार्यक्रम
भोपाळ वायू दुर्घटना
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ